भाकरीचा खांदा

सुगलाबाई बिराजदारांना तोंडावर उलट बोलायची हिंमत शिरवळगीत कुणाला नव्हती. सुनेला नव्हती, मुलाला नव्हती, मठाच्या पंचांना तर नव्हतीच. ती पहिल्यांदा दाखवली एका टोपल्यानं.

टोपलं हे बायकांनी ठेवलेलं नाव. दवाखान्याच्या पाटीवर त्याला ध्वनिदर्शक म्हटलं होतं. पण पांढरं, गोल, वेताच्या विणीसारखी बारीक भोकं असलेलं ते यंत्र खांद्यावर पालथं घातलं की दुसरं काय आठवणार? आत कोमट बुळबुळीत लेप असे. कानाला ऐकू न येणारा आवाज चहूबाजूंनी खांद्यात शिरे. मांसातून एका चालीनं जाई, हाडातून दुसऱ्या, साचलेल्या पाण्यातून तिसऱ्याच. कुठं किती रेंगाळला त्यावरून यंत्र आतलं चित्र जुळवी. जुन्या सोनोग्राफीला हाड आडवं आलं की पलीकडे अंधार. आता हाडाच्या पोटातली ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळीसुद्धा दिसत होती. सुगलाबाईंना त्यात नवल वाटलं नाही. कुंभाराकडचं मडकं त्या आयुष्यभर टिचकी मारूनच घेत आल्या होत्या.

त्या शिकल्या दुसरीपर्यंत. सही झोकात करत, पण वाचायची वेळ आली की चष्मा नेमका घरी राहिलेला असे. त्यामुळे टोपलं आपला रिपोर्ट आपणच बोलून दाखवतं, ही गोष्ट त्यांना पसंत पडली होती. टोपल्यानं तोंड उघडेपर्यंत.

"नमस्कार, सुगलाबाई," गोड बाईच्या आवाजात ते म्हणालं, "आपल्या उजव्या खांद्यात चिंताजनक बदल आढळले आहेत." मग त्यानं ते बदल एकेक करून सांगितले. खांदा उचलणारा मुख्य बंध अर्धा विरलेला आहे. तो हाडाला जिथं धरतो तिथं हाडात पोकळ्या आहेत. सांध्यात पाणी आहे. हात वारंवार हलवू नये, वजन उचलू नये, तज्ज्ञांना दाखवावं. समोरच्या पडद्यावर सुगलाबाईंचा खांदा कुंकवाच्या कोयरीसारखा लालभडक झाला होता.

"दुखतो का खांदा?" डॉक्टर अंजुम मुजावर यांनी विचारलं. तालुक्याच्या दवाखान्यात नव्यानं आलेली, बारीक अंगाची, न रागावता बोलणारी मुलगी.

"दुखायला काय झालंय त्याला," सुगलाबाई म्हणाल्या. "आज सकाळीच परातभर पीठ संपवून आलेय. ह्या टोपल्याला म्हणावं, तू ये थापायला, मग बघू कोण लाल होतंय."

थाटात घरी आल्या खऱ्या. पण वाटेत त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली होती, आणि ते त्यांचं त्यांनाच आवडलं नव्हतं.

बिराजदारांचं भाकरघर म्हणजे पत्र्याची लांब शेड. दोन रांगांत चुली, प्रत्येक चुलीपुढं परात, परातीपुढं एकेक बाई. मालदांडी ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, निखाऱ्याकडे तोंड करून उभ्या करायच्या आणि पापडासारख्या कडक झाल्या की बांधून सोलापूरला धाडायच्या. तिथून त्या विमानानं कुठंकुठं जात. मठाच्या नैवेद्याच्या भाकऱ्याही इथल्याच. नवरा गेला तेव्हा सुगलाबाईंनी हे एका चुलीवर सुरू केलं होतं आणि आता निम्म्या गावाची चूल त्यावर पेटत होती. अख्खं गाव त्यांना अक्का म्हणे, आणि घाबरून म्हणे.

टोपल्यानं त्या शेडीतल्या चुलींवर बघता बघता पाणी ओतलं. सुगलाबाईंच्या मागोमाग बाकीच्या बायकाही दवाखान्यात जाऊन आल्या, आणि कुणाचाच खांदा लाल झाल्यावाचून राहिला नाही. दुखणाऱ्यांचाही लाल, न दुखणाऱ्यांचाही लाल. सर्वांत जुनी कारागीर कलावती म्हेत्रे, जिचा हात आणि जीभ एकाच वेगानं चालत, तिनं हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवला. कुणाच्या नवऱ्यानं कामावर यायला मनाई केली, कुणाच्या पोरानं मोबाइलवर काय काय वाचून आईला रडवलं. आणि गंमत अशी की कालपर्यंत ठणठणीत असलेले खांदे, फडक्यात बांधून बसवले तसे खरंच आखडू लागले. कलावतीला वेणी घालायला हात मागं नेता येईना. ती म्हणे, बघा, यंत्र खोटं बोलत नाही.

निम्म्या चुली विझल्या. उरलेल्यांवर सुगलाबाई आणि त्यांची सून महानंदा.

महानंदाविषयी सांगायचं तर आधी तिच्या डाव्या हाताविषयी सांगावं लागेल. लग्न होऊन आली तेव्हा ती जन्माची डावखुरी होती. पहिल्याच दिवशी परातीत डावा हात घातला, आणि सुगलाबाईंनी सगळ्या पाहुण्यांदेखत तो धरून बाहेर काढला. नैवेद्याची भाकरी आहे, म्हणाल्या. डाव्या हातानं काय करतात ते मला बोलायला लावू नको. नवी नवरी हळूच म्हणाली होती, आत्या, पूजेत गळ्यातलं लिंग तर आपण डाव्याच तळहातावर ठेवतो. त्यावर सुगलाबाई म्हणाल्या होत्या, तो देवाचा मान, तव्याचा नाही. महिन्याभरात त्यांनी तिचा हात वळवला. निदान गावभर तसं सांगितलं. पुढं कुणाच्या घरात डावखुरी सून आली की लोक म्हणत, पाठवा बिराजदारणीकडे. आणि खरंच पाठवत. अशा दोनतीन पोरी भाकरघरात शिकून तिथंच राबत होत्या.

त्या हाताचा सुगलाबाईंना फार अभिमान होता.

दवाखान्यात त्या पुन्हा गेल्या त्या भांडायलाच. डॉक्टर मुजावरनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि भांडण सुरू व्हायच्या आधीच म्हणाली की मलाही हा लाल रंग खटकतोय.

मग तिनं समजावून सांगितलं. टोपल्याला स्वतःचं असं काही कळत नाही. त्याला लाखो खांदे दाखवून शिकवलंय, हा चांगला, हा बिघडलेला. पण ते खांदे मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांतले, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचे. वर्षानुवर्षं पीठ मळून भाकरी थापणाऱ्या बाईचा खांदा त्यानं पाहिलेलाच नाही. वय झालं की केस पिकतात, तसे राबणाऱ्या खांद्यातले बंध विरतात, हाडात बारीक पोकळ्या पडतात. पुष्कळ माणसं असे खांदे घेऊन सुखानं जगतात, दुखतही नाहीत. टोपलं मात्र पिकलेल्या केसालाही रोग म्हणतंय.

"पण हे मी नुसतं तोंडानं म्हणून भागणार नाही, अक्का," ती म्हणाली. "मला तुमच्या सगळ्या बायका हव्यात, दोन्ही खांद्यांसकट. कोणता हात काय काम करतो, किती वर्षं करतो, हे त्याला सांगायला हवं. म्हणजे कामानं घडवलेलं कोणतं आणि रोगानं बिघडवलेलं कोणतं, हे ते वेगळं करायला शिकेल. जी झीज कामाच्या हिशेबात बसते ती सोडून देईल. बसत नाही ती दाखवील."

सुगलाबाईंना यातलं एक वाक्य कळलं, की बायका आणायच्या आहेत. त्या आणल्या. येत नव्हत्या त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कलावतीचं फडकं स्वतःच्या हातानं सोडलं. शेजारच्या गावांतल्या भाकरीवाल्यांनाही निरोप धाडले, आणि पंगतीत वाढप्यांवर ठेवावी तशी नजर ठेवत दवाखान्याच्या खोलीत टोपल्याशेजारी उभ्या राहिल्या. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला टोपलं विचारी, भाकरी कोणत्या हातानं थापता? प्रत्येक बाई म्हणे, उजव्या. सुगलाबाई मान डोलवत.

महानंदाची पाळी आली. टोपल्यानं विचारलं. तिनं सासूकडे पाहिलं.

"उजव्या," ती म्हणाली.

सुगलाबाईंनी मान डोलावली. जरा उशिरा डोलावली, पण डोलावली.

टोपलं शिकलं. पुढच्या खेपेला पडद्यावरचे खांदे एकामागून एक हिरवे होत गेले. टोपलं आता म्हणत होतं, आढळलेले बदल आपल्या कामाला साजेसे आहेत, काळजीचं कारण नाही. डॉक्टरनं या नव्या गटाला नाव दिलं, भाकरीचा खांदा. तसं नाव पडद्यावर आलं तेव्हा कलावती म्हणाली, पोराच्या बारशालाही मला एवढा आनंद झाला नव्हता. हाच धडा आता विजापूर, लातूर, नांदेडकडच्या टोपल्यांनाही शिकवायचा, असं वरून पत्र आलं. सुगलाबाईंनी शेडीत शेंगापोळ्या केल्या. लाल रंगाला घाबरून घरी बसलेल्यांना एकेक पोळी आणि एकेक टोमणा मिळाला. पुन्हा कुणी खांद्याचं नाव काढलं तर मीच टोपलं होऊन डोक्यावर बसेन, असंही त्यांनी जाहीर केलं.

महानंदाचाही खांदा हिरवा होता. तिनं पोळी निम्मीच खाल्ली.

त्यानंतर सुगलाबाईंच्या डोळ्यांना काही गोष्टी दिसू लागल्या आणि त्या बघायचं त्यांनी नाकारलं. सून फडताळावरचा डबा उतरवायला स्टूल घेत होती, पूर्वी नुसती टाच उचले. केस विंचरताना मान वाकडी करून डोकंच हाताकडे नेत होती. तिच्या पोलक्याची उजवी बाही सैल पडली होती, डावी होती तशीच घट्ट. संध्याकाळी अंग जरा कोमट लागे. सुगलाबाई म्हणाल्या, कामाचा कंटाळा आला की अंग आपोआप कोमट होतं. शिवशरण, त्यांचा मुलगा, आईला भिणारा आणि बायकोवर जीव असलेला, एकदा म्हणाला की अव्वा, हिला पुन्हा एकदा दाखवून आणू का. तर महानंदाच म्हणाली, कशाला, हिरवं आलंय ना. यंत्रानं बरं म्हटलं, सासूनं बरं म्हटलं. आता आजारी पडायचं तर कुणाच्या परवानगीनं?

हे शेवटचं ती बोलली नाही. पण सुगलाबाईंना ते ऐकू आलं.

एका सकाळी त्या भाकऱ्यांच्या चळती मोजायला बसल्या होत्या. मोजणं हे निमित्त. त्या प्रत्येक भाकरी उजेडाला धरून बघत. थापणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे भाकरीवर उमटतात आणि कडक झाल्यावर तसेच राहतात. उजव्या हातानं थापलं की भाकरी एका अंगानं फिरते, ठसे चक्रासारखे एका बाजूला झुकतात. डाव्या हाताची भाकरी उलटी फिरते, ठसे दुसरीकडे. कुणाला दाखवलं तरी चटकन दिसणार नाही. पण सुगलाबाईंना नुसता ठसा बघून बाईचं नाव सांगता येई.

महानंदाच्या चळतीत त्यांना नेहमी दोन्ही प्रकार सापडत. त्या समोर असतील तेव्हाच्या भाकऱ्या उजव्या अंगाच्या, जरा जाड, कडेला चिरलेल्या. त्या मठात, बाजारात, लग्नकार्यात असतील तेव्हाच्या डाव्या अंगाच्या. अशा पातळ की पलीकडचा निखारा दिसावा. आणि सुगलाबाईंना घराबाहेर राहायची कामं पुष्कळ असत. गावाला वाटे की अक्कांनी सुनेचा हात वळवला. सुनेला वाटे की अक्कांना काही ठाऊक नाही. आणि अक्का इतकी वर्षं ती चळत उजेडाला धरून बघत, आणि गुपचूप बांधून टाकत.

त्या सकाळी चळतीत उजव्या अंगाची एकही भाकरी नव्हती. सुगलाबाई आदला सगळा दिवस शेडीतच, चार चुली पलीकडे आपल्या परातीत मान घालून बसल्या होत्या. त्या शेडीत असूनही सून डाव्या हातानं थापत होती. म्हणजे भीती संपली होती, किंवा उजवा हात संपला होता. आणि महानंदाची भीती संपणारी नव्हती, ती त्यांनी जातीनं घातली होती.

मग दवाखान्यात ऐकलेलं आणि तेव्हा डोक्यावरून गेलेलं वाक्य हळूहळू खाली उतरलं. जी झीज कामाच्या हिशेबात बसते ती टोपलं सोडून देतं.

हिच्या उजव्या खांद्यानं काम केलंच कुठं होतं? डोळ्यांदेखत दाखवण्यापुरतं. मग त्या हाडात पोकळ्या कशाच्या? पाणी कशाचं? टोपल्यानं पहिल्यांदा लाल म्हटलं ते बाकीच्यांच्या बाबतीत खोटं होतं. हिच्या बाबतीत खरं असू शकत होतं. आणि ते पुसलं कुणी? टोपल्याशेजारी उभं राहून मान डोलावली कुणी?

सुगलाबाई तिथंच बसून राहिल्या. सांगावं तर काय सांगावं. माझ्या घरातली सून इतकी वर्षं मला फसवत होती, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करत होते. मठात गेलेला नैवेद्य डाव्या हाताचा होता, आणि मला ठाऊक होता. ज्या पोरींना तुम्ही माझ्याकडे पाठवलंत, त्यांना मी शिकवलं ते चोरून करायला. गावानं अक्का म्हणायचं ते कशाच्या जोरावर? न सांगावं, तर टोपलं हिरवं म्हणतच होतं. कुणी विचारणार नव्हतं. सूनसुद्धा.

दुपारी त्या महानंदाला म्हणाल्या, माझा खांदा लई ठणकायलाय, सोबत चल. महानंदानं चकित होऊन पाहिलं. सासू आपणहून दुखतंय म्हणाली, असं या घरात घडलं नव्हतं.

डॉक्टरच्या खोलीत मात्र सुगलाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी सुनेला दंडाला धरून बसवलं. डाव्या दंडाला.

"हिचं परत बघा."

"अक्का, यांचं तर हिरवं..."

"टोपल्याला खोटं सांगितलंय," सुगलाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "ही डाव्या हातानं थापते. पहिल्यापासून. उजवा फक्त मला दाखवायला."

महानंदानं डावा हात पदराखाली घेतला. तिला वाटलं असणार की इतक्या वर्षांचा हिशेब आता इथं, परक्या माणसासमोर चुकता होणार. पण सासूनं नुसतं टोपल्याकडे बोट केलं.

पुन्हा टोपलं घालायचीही गरज पडली नाही. चित्र होतंच, डॉक्टरनं फक्त एक उत्तर बदललं. उजव्याच्या जागी डावा. आधी डावा खांदा हिरवाच राहिला. त्यातली झीज मागच्या वेळी पीठ मळण्याची समजून मी सोडून दिली, मला तेव्हाच विचारायला सुचायला हवं होतं, असं डॉक्टर पुटपुटली. मग उजवा खांदा उजळला आणि लाल झाला.

"उजव्या खांद्यातील बदल आपल्या कामाला साजेसे नाहीत," टोपलं म्हणालं. आवाज तोच, गोड. "तातडीने पुढील तपासणी करावी."

सुगलाबाईंनी या वेळी त्याला टोमणा मारला नाही.

सुईनं सांध्यातलं पाणी काढलं, ते तपासायला सोलापूरला गेलं. निकाल यायला काही दिवस लागणार होते. शिवशरण भाकऱ्यांचा टेम्पो घेऊन निघे आणि अर्ध्या वाटेतून फोन करी. सुगलाबाई सकाळी लिंगपूजेला बसत तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ बसत. डावा तळहात छातीपुढं धरलेला, त्यावर ते छोटं काळं लिंग, आणि नजर लिंगावर की तळहातावर, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

निघाला तो हाडाचा क्षय. खांद्यात होणारा, बाहेरून ना सूज ना पू दिसू देणारा, हळूहळू हाड कुरतडत जाणारा. दिसायला कामाच्या झिजेसारखाच. डॉक्टर म्हणाली की औषध आहे, लांबलचक घ्यावं लागेल, पण उतरेल. खांदा बराचसा परत येईल. आणखी वर्षभर हिरव्या रंगाच्या भरवशावर राहिलो असतो तर सांधा हातचा गेला असता.

महानंदा तेव्हा पहिल्यांदा रडली. शिवशरणनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग आई बघतेय हे लक्षात येऊनही काढला नाही.

ते दोघं औषधं आणायला गेल्यावर डॉक्टरनं दार लोटलं. काहीतरी बोलायचं होतं आणि जड जात होतं, हे सुगलाबाईंना दिसलं.

"हा गट मला थांबवावा लागणार, अक्का. नाहीतर पुढच्या महिन्यात तो इतर जिल्ह्यांत जाईल. एक उत्तर चुकीचं निघालं, आणखी किती असतील ठाऊक नाही. सगळ्यांना पुन्हा विचारायला पाहिजे."

"विचारा की. कुणी अडवलंय?"

"तुम्ही," डॉक्टर म्हणाली. "तुमच्यासमोर कोण खरं सांगेल?"

असं उत्तर सुगलाबाईंना कुणी दिलं नव्हतं. टोपल्यानंसुद्धा नाही. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी उचलली, खाली ठेवली. पोरीच्या तोंडावर उद्धटपणा शोधला, सापडला नाही. मग म्हणाल्या, उद्या भाकरघरात ये. लवकर ये, तवे तापायच्या आत.

दुसऱ्या दिवशी शेड भरलेली होती. सुगलाबाईंनी आपली परात मधोमध ओढून घेतली. उजवा हात पदरात गुंडाळला. डाव्या हातानं पीठ ओढलं, पाणी घातलं, मळलं, उंडा केला, आणि सगळ्यांदेखत डाव्या हातानं थापायला घेतलं. हात काही केल्या ऐकेना. भाकरी फिरेना, फिरली की फाटे, एक कड जाड, दुसरीतून परात दिसे. कलावतीच्या तोंडून हसू निसटलं, ते तिनं खोकल्यात घातलं.

"हस," सुगलाबाई मान वर न करता म्हणाल्या. "माझी सून ह्याच हातानं थापते. आल्यापासून. जी पातळ भाकरी बिराजदारांची म्हणून विकली जाते, ती ह्या हाताची. मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. बोलले नाही म्हणून टोपल्याला खोटं सांगितलं गेलं, आणि त्या खोट्यापायी हिचा खांदा जाता जाता राहिला."

कुणीतरी मागून मठाच्या नैवेद्याचं विचारलं. विचारणारी विचारून पस्तावली असणार.

"देव स्वतः डाव्या तळहातावर बसतो," सुगलाबाई म्हणाल्या. "त्याला चालतं. पंचांना चालत नसेल तर त्यांनी घरी थापून न्यावी." मग त्या उठल्या, पिठाचा हात तसाच ठेवून. "आता ही डॉक्टरीण एकेकीला आत नेऊन विचारील. मी बाहेर पिंपर्णीच्या झाडाखाली बसते. पाठ करून बसते. जिला जे सांगायचं ते सांगा."

आणि त्या खरोखरच गेल्या आणि शेडीकडे पाठ करून बसल्या. बराच वेळ बसल्या. मागं दार उघडत होतं, लागत होतं. वळून बघायची इच्छा मानेत दाटून आली होती, ती त्यांनी तशीच धरून ठेवली. शेवटी कलावती येऊन शेजारी टेकली आणि म्हणाली की मी उजवीच, अक्का, पण माझी जीभ दोन्हीकडून चालते, हे टोपल्याला सांगून आलेय. मग आवाज खाली आणून म्हणाली, आणखी तिघीजणी निघाल्या. तुमच्या हाताखालच्या.

"नावं सांगू नको," सुगलाबाई म्हणाल्या. "मला ठाऊक आहेत."

त्या तिघींचेही खांदे पुन्हा पाहिले गेले. त्यांच्यात काही निघालं नाही. पण टोपल्याच्या प्रश्नांआधी आता एक नियम घातला गेला, की उत्तर देताना खोलीत घरचं माणूस नसावं. तो विजापूर, लातूर, नांदेडकडेही गेला. त्या नियमाखाली सुगलाबाईंचं नाव नव्हतं. असतं तर त्यांनी खोडायला लावलं असतं.

औषधांनी महानंदाच्या तोंडाला चव राहिली नाही, लघवी लाल होऊ लागली, मळमळ उठे. तरी बाही हळूहळू भरू लागली. उजवा हात झोळीत असताना ती सासूच्या शेजारच्या चुलीवर बसू लागली. पहिले काही दिवस डावा हात परातीत घालताना थबके. मग थबकेनाशी झाली.

एका सकाळी शेडीत दोघीच होत्या. महानंदानं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि तव्याकडे बघतच विचारलं.

"आत्या, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

सुगलाबाईंनी हात लांबवून सुनेच्या तव्यावरची भाकरी उलटली. ती कडेपर्यंत टम्म फुगली, कुठंही न फाटता.

"फुगत होती की," त्या म्हणाल्या.